हॉटन वेगळा, हॉजसन वेगळा : नॉन-लीगमधले दोन दोस्त, स्वीडन, आणि आपलं आंबेडकर स्टेडियम

डावा_बॅक
मंडळी नमस्कार, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या. परवा ऑफिसात चहा पिताना एक पोरगं म्हणालं की तो आपल्या भारताच्या फुटबॉल टीमचा जुना गोरा कोच होता ना, तोच पुढे इंग्लंडचा कोच झाला आणि आइसलंडकडून हरला. म्हटलं अरे बाबा तो रॉय हॉजसन, आपल्याकडे होता तो बॉब हॉटन. पण पोराची चूक म्हणावी इतकी चूक नाहीये ती, कारण हे दोघं क्रॉयडनच्या एकाच शाळेत शिकले, वय एक (दोघांचा जन्म १९४७ चा), दोघंही खेळाडू म्हणून फारसे कुठे पोचले नाहीत, आणि दोघांनी मिळून एका अख्ख्या देशाचं फुटबॉल बदललं. तो देश इंग्लंड नव्हे, स्वीडन.

ज्यांना नॉन-लीग म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडात वरच्या चार डिव्हिजन मिळून ९२ क्लब, त्या खालचं जे काय आहे ते सगळं नॉन-लीग. आता खालून वर जायचा रस्ता आहे, पण १९८७ पर्यंत तुम्ही खालची लीग जिंकली तरी आपोआप वर जात नव्हता, चौथ्या डिव्हिजनच्या तळाचे चार क्लब पुन्हा अर्ज करायचे आणि बाकीचे क्लब मतदान करून ठरवायचे कोणाला ठेवायचं. म्हणजे सोसायटीच्या कमिटीसारखं, जुन्या मेंबरला कोण काढतंय. १९७२ मध्ये हियरफर्ड नावाचा क्लब आत आला तो आधी एफए कपमध्ये (एफए म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना, तिची ही लहानमोठ्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा) न्यूकासलला हरवून अख्ख्या देशात गाजल्यावर.

तर हॉटन फुलहॅमच्या युवा टीममध्ये होता, पहिल्या टीमकडून एकही मॅच नाही. हॉजसन क्रिस्टल पॅलेसच्या युवा टीममध्ये, तिथेही तेच. मग हॉटन विशीतच हेस्टिंग्ज युनायटेडचा खेळाडू कम मॅनेजर झाला, तिथून मेडस्टोनला मॅनेजर. हॉजसन टनब्रिज, ग्रेव्हसेंड, अॅशफर्ड, मेडस्टोन (इथे हॉटनच्या हाताखाली), कारशॉल्टन असा केंट आणि दक्षिण लंडनच्या पट्ट्यात फिरत राहिला, पोटापाण्यासाठी शाळेत पीटी शिकवायचा. आणि १९७४ साली काय झालं, तर २६ वर्षांचा हा हॉटन थेट स्वीडनच्या मालमो क्लबचा मॅनेजर. एफएचा कोचिंगचा मुख्य माणूस अॅलन वेड होता, त्यानं नाव सुचवलं म्हणून. विचार करा, टीममधले काही खेळाडू त्याच्यापेक्षा मोठे.

बाकी पुढच्या प्रतिसादात लिहितो, बॉसनं बोलावलंय.

वाचनमात्र
वाचतोय. पुढच्या भागाची वाट बघतोय.

टिकी_टाका
विषय छान पण उगाच चढवू नका हो. हॉटन म्हणजे उंच बॉल मारा आणि मागे पळा. २०११ ला एशियन कपला आपण बघितलंय. ऑस्ट्रेलिया ४, बहारिन ५, कोरिया ४, एकूण १३ गोल खाल्ले. नॉन-लीगचा माणूस नॉन-लीगचंच फुटबॉल शिकवणार.

डावा_बॅक
टिकीभाऊ आलेच लगेच 😄 थांबा, मालमोपासून तर सुरू करू दे.

१९७४ ते ७९ या सहा वर्षांत स्वीडनची लीग कोणी जिंकली बघा. १९७४ मालमो, ७५ मालमो, ७६ हाल्मस्टाड, ७७ मालमो, ७८ ला एस्टर, ७९ परत हाल्मस्टाड. मालमोवाला हॉटन, आणि हाल्मस्टाडवाला हॉजसन, ज्याचं नाव हॉटननंच तिथे सुचवलं. सहापैकी पाच! आणि हाल्मस्टाड ही आदल्या वर्षी कशीबशी तगलेली टीम, सगळे म्हणत होते यंदा खाली जाणार, ती पहिल्याच सीझनला चॅम्पियन. हॉजसन नंतर इंटर मिलानला गेला, इंग्लंडला गेला, तरी स्वतःच्या करिअरमधलं सगळ्यात मोठं काम तो हेच मानतो, पाण्याची वाइन केल्यासारखं.

आता केलं काय ते सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. त्या काळात स्वीडनवर पश्चिम जर्मनीचा प्रभाव. म्हणजे मागे एक मोकळा लिबेरो आणि बाकीच्यांनी आपापला माणूस पकडायचा, तो जिथे जाईल तिथे त्याच्या मागे. हॉटननं सांगितलं की माणूस नाही, जागा पकडा. चार बॅक एका ओळीत, त्यांच्या पुढे चार एका ओळीत, बॉल जिकडे सरकेल तिकडे सगळी ओळ सरकायची, आणि बॅक लाइन एवढी वर आणायची की समोरच्याला खेळायला जागाच उरू नये, मागे पळाला तर ऑफसाइड. बॉल हिसकावला की लगेच पुढे. आज हे कुठल्याही अंडर-१५ कोचला विचारा, सांगेल. तिथे तेव्हा यावरून केवढा वाद झाला, खेळाडूंचे यंत्रमानव केले, कलाच मारली, फेडरेशनपर्यंत गोष्ट गेली.

आणि हे करायचं तर रोज तेच तेच, तेच तेच. बॉल इथे आला, तू तिथे, थांब, परत. मला वाटतं (हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या) ही सवय नॉन-लीगची आहे. तुमच्याकडे दिवसभर कामावरून दमून आलेली माणसं आहेत, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, अर्धं ग्राउंड अंधारात, कोणाला ड्रिब्लिंग शिकवणार तुम्ही? एवढ्या वेळात शिकवता येतं ते एकच, कोणी कुठे उभं राहायचं.

केंटमधला_काका
धागा बघून लॉगिन केलं, पासवर्ड विसरलो होतो. मी मेडस्टोनजवळ राहतो, इकडे येऊन आता पुष्कळ वर्षं झाली. सुरुवातीला प्रीमियर लीगच्या तिकिटाचे भाव बघून पोटात गोळा आला, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं की आमच्याबरोबर चल. तेव्हापासून जातो. लाइनच्या बाहेर कठड्याला टेकून उभं राहायचं, हातात चहाचा कप, कोणाचा तरी कुत्रा पायात, आणि लाइन्समनला शिव्या घालायला मोकळीक कारण तो तुमच्यापासून चार फुटांवर असतो आणि त्याला सगळं ऐकू जातं. एकदा तर तो वळून म्हणाला की मग तूच ये ना आत.

थोडी दुरुस्ती, म्हणजे पुरवणी. हॉटनच्या वेळचा मेडस्टोन आणि आताचा हे कायद्यानं एकच क्लब नाहीत. जुना क्लब १९८९ ला एकदाचा फुटबॉल लीगमध्ये पोचला आणि तीन वर्षांत, १९९२ ला, दिवाळखोरीत बुडाला. नंतर लोकांनी तळापासून परत उभा केला. आता स्वतःचं ग्राउंड आहे, नकली गवताचं, आठवडाभर शाळेतली पोरं आणि हौशी लोक भाड्यानं खेळतात त्यातून पैसे येतात. जानेवारी २०२४ ला याच टीमनं सहाव्या पातळीवर असताना एफए कपात इप्सविचला त्यांच्या घरी २-१ हरवलं, तेव्हा इप्सविच दुसऱ्या डिव्हिजनमध्ये वरच्या नंबरवर, त्याच सीझनला प्रीमियर लीगमध्ये गेले ते. त्या रात्री आमच्या गावात जो काय धिंगाणा होता!

आणि ग्रेव्हसेंडचं आता नाव एब्सफ्लीट युनायटेड. २००८ ला इंटरनेटवरून हजारो लोकांनी वर्गणी काढून विकत घेतला होता तो क्लब, टीम कोणती उतरवायची यावर मतदान करणार होते म्हणे. गणेश मंडळासारखं. नाही टिकलं फार.

कोल्हापुरी_चप्पल
काका लई भारी लिवलंय. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर या की एकदा, कोल्हापूरच्या केएसए लीगला. पेठंपेठंच्या तालमींच्या टीमा, पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, आणि गॅलरीत बसलेला प्रत्येक जण कोच. आमचा एक सेंटर हाफ सकाळी दूध घालायचा आणि दुपारी मॅच. त्येला कोण टॅक्टिक्स सांगणार, झोप आली असती त्येला. डावा बॅक म्हंत्यात ते पटलं, दमलेल्या माणसाला जागा दावायची एवढंच.

फक्त एक शंका. हॉटन हाय का ह्यूटन का हाउटन? पेपरात तिन्ही वाचलंय.

डावा_बॅक
आपण हॉटन म्हणू, एवढी वर्षं तेच म्हणतोय.

तर १९७९. मालमोनं युरोपियन कपात (आताची चॅम्पियन्स लीग) मोनॅको, डायनॅमो कीव्ह, विस्वा क्राकोव, ऑस्ट्रिया व्हिएन्ना अशा चार टीमा काढल्या आणि ३० मे ला म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर फायनल. समोर ब्रायन क्लफचा नॉटिंगहॅम फॉरेस्ट. फॉरेस्टकडे ट्रेव्हर फ्रान्सिस, दहा लाख पौंडांची ब्रिटनमधली पहिली खरेदी. मालमोकडे सगळे स्वीडनचेच. त्यात बो लार्सन आणि रॉय अँडरसन जखमी, कॅप्टन स्टाफान टॅपर पायाचं बोट मोडलेलं असताना उतरला आणि अर्ध्या तासानं बाहेर आला. हाफटाइमच्या तोंडावर रॉबर्टसननं डावीकडून क्रॉस टाकला आणि फ्रान्सिसनं लांबच्या पोस्टला डोकं लावलं. १-०. मॅच रटाळ झाली असं सगळेच म्हणतात आणि मी पाहिलीय, रटाळच आहे, त्यात काय खोटं बोलायचं. पण स्वीडनचा दुसरा कुठलाही क्लब त्या फायनलला आजपर्यंत पोचलेला नाही. मॅनेजरचं वय ३१.

जाता जाता, फॉरेस्टनं नंतर दक्षिण अमेरिकेच्या चॅम्पियनशी खेळायला नकार दिला म्हणून हरलेला मालमोच इंटरकॉन्टिनेंटल कप खेळला, पॅराग्वेच्या ऑलिम्पियाशी. तिथेही दोन्ही मॅच हरले.

सासूबाई_ऑफसाइड
हॉजसनची एक गोष्ट तुम्ही सगळे सोयीस्कर विसरताय. १९७३-७४ ला तो दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या बेरिया पार्ककडून खेळला. वर्णभेदाचा काळ, फक्त गोऱ्यांची लीग. नंतर विचारलं तर म्हणाला की निव्वळ फुटबॉलसाठी गेलो होतो. इंग्लंडात व्यवस्थित संधी मिळत नाही म्हणून माणूस कुठेही जातो हे समजू शकते, पण कौतुकाच्या धाग्यात हेही लिहिलेलं असावं.

डावा_बॅक
बरोबर आहे ताई, लिहायला हवं होतं. मी मुद्दाम नाही गाळलं पण आठवलंही नाही, आणि तेही तितकंच वाईट.

टिकी_टाका
मग एवढा हुशार होता तर इंग्लंडात काय दिवे लावले?

डावा_बॅक
नाही लावले. १९८० ला हॉटन ब्रिस्टल सिटीला गेला, हॉजसनला असिस्टंट म्हणून घेऊन. क्लब नुकताच पहिल्या डिव्हिजनमधून खाली आलेला, आणि आधीच्या कारभारात खेळाडूंना लांबच्या लांब करार देऊन ठेवलेले, पगार द्यायला पैसे नाहीत. १९८१ ला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, ८२ ला चौथ्या. हॉटन मध्येच सोडून गेला, हॉजसननं काही महिने गाडा ओढला, आणि त्याच सुमारास आठ सीनियर खेळाडूंनी क्लब वाचावा म्हणून आपले करार फाडून टाकले. ब्रिस्टलमध्ये त्या आठ जणांचं नाव आजही आदरानं घेतात. या दोघांचं मात्र कोणी घेत नाही 😐

पण बघा ना, बाहेर पडल्यावर हॉजसन परत स्वीडनला, १९८५ पासून मालमोला सलग पाच वर्षं लीगच्या टेबलात पहिला (दोनदाच चॅम्पियन, कारण तेव्हा प्लेऑफ असायचे). मग स्वित्झर्लंडला १९९४ च्या वर्ल्ड कपला नेलं, १९६६ नंतर पहिल्यांदा. इंटरला १९९७ च्या यूईएफए कप फायनलला, पेनल्टीवर शाल्केकडून हार. आणि तुम्हा लोकांना ज्यातलं काही आठवेल ते म्हणजे २०१० चं फुलहॅम, युव्हेंटसला घरी ४-१. त्या टीमची बॅक लाइन बघा, चार जण दोरी बांधल्यासारखे सरकतात. हाल्मस्टाडच. चौतीस वर्षांनंतरही तेच ड्रिल.

केंटमधला_काका
लिव्हरपूलचं विसरलात. जुलैत आला, जानेवारीत गेला. तिथल्या माझ्या कलीगसमोर आजही हॉजसन म्हटलं तर तो चहा टाकून उठतो.

मला वाटतं मोठ्या क्लबला ती पद्धत चालतच नाही. लहान टीमला तू कुठे उभा राहा सांगितलं की बरं वाटतं. मोठ्या टीमच्या खेळाडूला अपमान वाटतो. २०१६ ला नीसमध्ये आइसलंडसमोर इंग्लंडचं तेच झालं, आणि गंमत म्हणजे आइसलंडच्या दोन कोचपैकी एक, लार्स लागरबाक, हा स्वीडनचा, म्हणजे ज्या फुटबॉलवर या दोघांनी ठसा उमटवला तिथूनच आलेला. दोन ओळी, चार आणि चार, आणि लांब थ्रो. हॉजसनला त्याच्याच जुन्या वहीतून धडा मिळाला.

मडगांवकार
पात्राव, भारताचा विषय निघाला आणि गोव्याचं नाव नाही? महेश गवळी, समीर नायक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, हॉटनच्या टीममध्ये हांगाची (इथली) मुलं किती होती मोजा. मी आणि माझा चुलतभाऊ २००७ च्या नेहरू कपच्या फायनलला दिल्लीला होतो, २९ ऑगस्ट, आंबेडकर स्टेडियम. दहा वर्षांनी नेहरू कप भरलेला. सीरिया समोर, वर्ल्ड रँकिंगमध्ये आपल्या कितीतरी पुढे. उकाडा असा की शर्ट पिळला असता तर बादली भरली असती. प्रदीपनं गोल मारला आणि मग उरलेला वेळ आम्ही घड्याळच बघत बसलो. १-०. बाजूला बसलेले एक सरदारजी रडत होते, मी त्यांना ओळखत नव्हतो पण मिठी मारली.

आणि उंच बॉल उंच बॉल म्हणता ना टिकी_टाका, २००८ च्या एएफसी (आशियाई फुटबॉल संघटना) चॅलेंज कपची फायनल बघितली का? ताजिकिस्तान, ४-१, छेत्रीची हॅटट्रिक आणि भूतियाचा एक. हैदराबादला पावसानं ग्राउंडचा चिखल झाला म्हणून फायनल दिल्लीला हलवली होती. चिखलात तुम्ही शॉर्ट पास खेळून दाखवा. हॉटन प्रत्येक वेळी माइक मिळाला की तेच बोलायचा, की ग्राउंड नाहीत, ट्रेनिंगची सोय नाही, आणि वरच्या लोकांना ते आवडत नसे.

कोल्हापुरी_चप्पल
स्टीव्हन डायसला इसरू नका. आपल्या मुंबईचा, महिंद्रा युनायटेडचा. उजवीकडनं जे क्रॉस टाकायचा त्येला तोड नव्हती. २०१० ला महिंद्राची टीमच बंद झाली, अजून वाईट वाटतंय. २००६ ची नॅशनल लीग जिंकलेली टीम, डेरिक परेरा कोच, आणि चार वर्षात कुलूप.

टिकी_टाका
ओके ओके. २००७, २००८, २००९ मान्य. २००९ ला तर मीही टीव्हीसमोर होतो, परत सीरिया, परत फायनल, रेनेडीनं एक्स्ट्रा टाइममध्ये फ्री किक घातली, जिंकलो म्हणून आईला हाक मारली आणि अगदी शेवटच्या क्षणी त्यांनी बरोबरी केली. मग सुब्रत पालनं पेनल्टी अडवल्या. तो दिवस मी विसरणार नाही.

पण माझा मुद्दा २०११ चा. १९८४ नंतर पहिल्यांदा एशियन कपला पोचलो, आणि तयारी काय तर महिनोन्महिने शिबिर. क्लबवाले बोंबलत होते की आमचे खेळाडू द्या. आणि टीम तीच, वय वाढलेली. भूतिया जखमी. चार वर्षं तुम्ही तेच ११ जण घेऊन बसलात तर नवीन कोण येणार?

डावा_बॅक
हे बघा आता तुम्ही खरं बोललात, आणि इथे मी तुमच्या बाजूनं आहे. हॉटनचं गणित असं की माझी पद्धत डोक्यात बसायला वेळ लागतो, म्हणून तीच माणसं मला जास्तीत जास्त वेळ द्या. मालमोला रोज मिळायची. आपल्याकडे नॅशनल टीमचा कोच म्हणजे वर्षाकाठी थोडे आठवडे, म्हणून त्यानं शिबिरं लांबवली, पोर्तुगाल, बार्सिलोना, दुबई. म्हणजे देशाची टीम क्लबसारखी चालवायला गेला. छोट्या स्पर्धेत सीरिया, ताजिकिस्तानसमोर ते जमलं. ऑस्ट्रेलियासमोर लाइन वर आणली की मागे धावणारे त्यांचे लोक आपल्यापेक्षा वेगवान, आणि लाइन खाली घेतली की ते उंचीनं मारणार. तिथे उभं कुठे राहायचं हे कळून उपयोग नव्हता.

तरी बहारिनला दोन गोल मारले, गौरमांगी आणि छेत्री. कोरियाला छेत्रीची पेनल्टी. आणि १३ गोल खाऊनही सगळ्यात जास्त नाव झालं ते आपल्या गोलकीपरचं, सुब्रत पालचं, यावरून समजून घ्या किती अडवले असतील.

मडगांवकार
एप्रिल २०११ ला हॉटन गेला आणि हंगामी कोच म्हणून आले आमचे आर्मांडो कुलासो. गोव्याच्या डेंपो क्लबचे. म्हणजे केंटच्या पट्ट्यातून आलेला गेला आणि गोव्याच्या पट्ट्यातला आला. आर्मांडोंनी डेंपोला किती लीग दिल्या मोजत बसत नाही, पण नॅशनल टीमला त्यांनाही काही महिनेच मिळाले. कोचला वेळ न देण्यात आपण कोणाला गोरा काळा बघत नाही.

सासूबाई_ऑफसाइड
मला एक विचारायचंय. हॉटन ७४ ला मालमोला गेला तेव्हा लोक म्हणाले असतील ना की कोण हा? कधी वर न खेळलेला? आपल्याकडे असा कोच चालला असता का? आपल्याला आधी नाव लागतं.

डावा_बॅक
ताई, म्हणाले. चॅम्पियन झाल्यावर गप्प बसले, आणि रटाळ आहे म्हणायला लागले.

केंटमधला_काका
अवांतर : शनिवारी कारशॉल्टनला जाणार आहे, एक जुना मित्र तिकडे राहतो. चहाच्या टपरीवर म्हातारे असतात त्यांना विचारतो १९७५ चा हॉजसन कोणाला आठवतो का. कसा खेळायचा ते कळलं तर इथे टाकतो.

कोल्हापुरी_चप्पल
काका, इचारा, पर फोटू टाका टपरीचा. आणि बर्गरात कांदा देत्यात का भाजून ते पण सांगा.

केंटमधला_काका
देतात. आणि शर्टावर सांडतोच.